मंडळी वाढत नाहीये, माझं पाचारणच खोटं होतं का?

नवीन मंडळी, म्हणजे चर्च, सुरू केलेले पाळक (पास्टर) मला, समुपदेशक म्हणून, हा प्रश्न, म्हणजे देवाने आपल्याला या सेवेला खरंच बोलावलं होतं का, इतक्या वेळा विचारतात की म्हटलं एकदा लिहूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पिंपरीकडचे तरुण पास्टर, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना, सुवार्तेची तळमळ अगदी खरी, पण माणसं तेवढीच आणि त्यातलीही काही मोठ्या चर्चला गेलेली, त्यामुळे झोप उडालेली. एकटेच येणार होते, मी म्हटलं बायकोला घेऊन या. एकट्या माणसाकडे बघून अर्धंच कळतं, घर बघावं लागतं, हे माझं ठाम मत आहे आणि इथेही ते खरं ठरलं.

सुरुवातीच्या भेटी आकड्यांतच गेल्या. मग एकदा विचारलं, "पास्टर, काही न शिकवता, नुसतं कोणाजवळ शेवटचं कधी बसलात?"

ते आठवत राहिले. ताईच बोलल्या, "माझ्याजवळ तर नाहीच."

ते रडले. मी रडू दिलं, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं. मग ताईंकडून हळूहळू निघालं की डिलिव्हरी असो की डायलिसिस, बिल्डिंगमधल्या बाया वायसीएम हॉस्पिटलला सोबतीला ताईंनाच नेतात, त्यांची मुलं ताईंकडेच झोपतात.

पास्टर म्हणाले, "हे मी कधी धरलंच नाही, त्या रविवारी येत नाहीत ना."

मला गाठ तिथे दिसली. खुर्च्या मोजता मोजता ते स्वतःची किंमत मोजत होते, आणि मिशन घरातच चालू होतं. बायबलमध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंच आहे, लावणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, वाढवणारा देव. पंडिता रमाबाईंनी आधी दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, केडगावचं संजीवन, म्हणजे तिथली मोठी आध्यात्मिक जागृती, १९०५ चं, म्हणजे कितीतरी नंतरचं. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

म्हणून सांगते, लोक तुमच्यावर आधीच कुठे भरवसा ठेवतात ते शोधा आणि मंडळी तिथे उभी करा. पण मदतीच्या बदल्यात कोणाला प्रार्थनेला ओढू नका, विचारलं तर मोकळेपणाने आपल्या विश्वासाची साक्ष द्या. पाळकाच्या बायकोला फुकटची असिस्टंट समजू नका, आठवड्यातला एक दिवस फक्त घराचा ठेवा, आणि उपदेश दुसऱ्यांनाही करू द्या.

त्यांनी हॉल सोडला, उपासना घरी आणली. डिपॉझिट परत आलं ते पेशंटच्या रिक्षाभाड्याला ठेवलं आणि हिशोबाची वही मंडळीतल्या दोन वेगळ्या घरांकडे दिली.