नाक्यावर जाण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

अनेक आशीर्वाद.

कडियानाक्यावरच्या, म्हणजे रोज सकाळी बांधकामाच्या कामासाठी चौकात उभ्या राहणाऱ्या मजुरांसाठी काम करायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. पहिला मोर्चा कधी काढायचा, असं विचारलं आहेस. मोर्चाचं नंतर बघू, आधी प्रत्येकाच्या हातात हजेरीची वही दे.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरहून येणारा भिल्ल मजूर इथे बाहेरचा ठरतो आणि गावात तर तो वर्षातले कित्येक महिने नसतोच. मग त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. गोध्रा-बालासिनोरकडच्या कारखान्यांत क्वार्ट्झचा दगड दळताना झाबुआ-अलीराजपूरच्याच माणसांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाला. धूळ गुजरातेत खाल्ली, मरण आलं मध्य प्रदेशात. कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून याद्या केल्या, कोण कुठे कामाला होतं ते लिहून काढलं, म्हणून दावा उभा राहिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. तोवर घरातला कर्ता जाऊन वर्षं लोटली होती, हेही विसरू नकोस.

वहीत रोज काय लिहायचं? तारीख, साइटचं नाव, ठेकेदाराचा मोबाइल नंबर, ठरलेली मजुरी, घेतलेली उचल. साइटबाहेरच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवायला सांग, बिल्डरचं नाव त्यावरच असतं. मजुरी बुडाली की ठेकेदार फोन बंद करतो, तेव्हा याच फोटोवरून पुढचं दार ठोठावता येतं. बांधकाम मजूर म्हणून नोंदणी करायला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं, तिथेही वही कामाला येते.

बायकांची नावं वेगळी लिही. नवरा-बायको जोडीने कामावर घेतात, हजेरी जोडीची लागते आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. दिवसभर तगारी वाहणारी बाई कागदावर कुठेच नसते. मला यासारखी चीड दुसऱ्या कशाची येत नाही.

१९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा ठेकेदाराने आणलेल्यांपुरताच होता. २०२० च्या कामगार संहितेत स्वतःहून आलेलाही धरला आहे. हा फरक पाठ असू दे, कामगार खात्यात उपयोगी पडेल.

सकाळी नाक्यावर फॉर्म घेऊन उभं राहू नकोस. तेव्हा प्रत्येकाला रोजाची चिंता असते, तुझ्याशी बोलताना त्याचं काम हुकेल. संध्याकाळी वस्तीवर जा, चुली पेटलेल्या असतात, माणसं निवांत बोलतात. त्यांची भिली भाषा येत नसेल तर त्यांच्यातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी बरोबर घे आणि बोलणं त्यांनाच करू दे. पुढे संघटना चालवायची आहे ती त्यांनी.

होळीआधी भगोरियासाठी, म्हणजे भिल्लांच्या जत्रेच्या हाटांसाठी, नाके ओस पडतात. तेव्हा तूही अलीराजपूरकडे जा. हाटाचा दिवस त्यांच्या मौजेचा, त्या दिवशी कागद काढू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फळ्यावर, म्हणजे पाड्यावर, जाऊन बस, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते पाहा. नाव जुळलं नाही तर बडोद्यात धान्य मिळताना अडतं, आणि ती दुरुस्ती गावी असतानाच उरकलेली बरी.