‘टिमिड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कुठे वापरतात?

टिमिड म्हणजे ‘घाबरलेला’ का आणि ‘आय वॉज टिमिड ऑफ द डॉग’ हे वाक्य चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. शब्दकोशात ‘भित्रा’ असा अर्थ देतात, तो बरोबर आहे. पण घाबरलेला वेगळा आणि भित्रा वेगळा. अंगावर कुत्रा धावून आला तर पैलवानही घाबरेल. तिथे ‘स्केअर्ड’ किंवा ‘अफ्रेड’ म्हणा. टिमिड हा स्वभाव झाला. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी टिमिड. एखाद्या गोष्टीबद्दल कचरणं सांगायचं असेल तर पुढे ‘अबाउट’ लावतात: ‘शी इज टिमिड अबाउट आस्किंग क्वेश्चन्स’.

मराठीत मला ‘बुजरा’ सगळ्यात जवळचा वाटतो. ‘भेकड’ मुळीच नको, ती जवळजवळ शिवी आहे आणि तिच्यासाठी इंग्रजीत ‘कॉवर्ड’ आहेच. टिमिड म्हणताना बोलणाऱ्याला राग नसतो, फार तर थोडी कीव असते. ‘शाय’ माणूस लोकांसमोर लाजतो. टिमिड माणूस एकटा असला तरी जोखीम घ्यायला कचरतो.

हरणासशांना तर हा शब्द लावतातच, पण कृतीलाही लावतात. दारावरची दबकी टकटक म्हणजे ‘टिमिड नॉक’. सरकारने हात राखून सुधारणा केल्या की इंग्रजी अग्रलेखवाले त्यांना हमखास ‘टिमिड रिफॉर्म्स’ म्हणतात.

मूळ लॅटिन ‘टिमेरे’, म्हणजे भिणं. ‘इंटिमिडेट’ त्याच घरातला: दुसऱ्याला भिववणं. पोलिसांच्या बातम्यांत येणारं जुनं कलम 506 म्हणजे ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’ची शिक्षा, जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत तो गुन्हा कलम 351 मध्ये आहे. ‘टिमरस’ हा आणखी एक भाऊबंद. नांगरताना उंदराचं घरटं मोडलं म्हणून रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने 1785 मध्ये कविता लिहिली, तिच्या पहिल्याच ओळीत त्या उंदराला हे विशेषण आहे. आज बोलताना वापरलात तर पुस्तकी वाटेल.

आणि नोकरीच्या मुलाखतीत स्वभाव विचारला तर स्वतःला टिमिड म्हणू नका. ‘रिझर्व्ह्ड’ म्हणा, म्हणजे मितभाषी.