ओमाहा (चार पानांचा पोकर) कॅश गेममध्ये पोझिशन नसताना, म्हणजे समोरच्याच्या आधी बोलावं लागताना, कसं खेळावं? होल्डममध्ये (दोन पानांच्या पोकरमध्ये) जमतं, इथे ब्लाइंडमधूनच (पानं बघण्याआधी सक्तीने पैसे टाकाव्या लागणाऱ्या जागांवरूनच) सगळे पैसे जातात.

जातात कारण तुम्ही तिथून खेळता. अर्धा ब्लाइंड आधीच पडलाय म्हणून जीव अडकतो आणि चार पानांत काही ना काही बरं दिसतंच. मीही तेच करायचो. एका डावाने सवय मोडली. तो मला अजून पानापानासकट पाठ आहे.

मी स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे अर्धा ब्लाइंड टाकणाऱ्या जागी. बदामचा एक्का, किलवरचा एक्का, बदामची अठ्ठी, चौकटची तिर्री. दोघांचेही स्टॅक (पुढ्यातल्या चिप्स) 200 बिग ब्लाइंडचे; पुढचे आकडेही बिग ब्लाइंडमध्येच. बटनवरच्याने (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याने) 3.5 ला रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली; मी पॉट म्हटलं, म्हणजे चालेल तेवढी मोठी रेझ, 11.5. बिग ब्लाइंडने पानं टाकली, बटनने कॉल केला (तेवढेच भरले). पॉट 24, मागे 188.5, म्हणजे पॉटच्या जवळजवळ आठपट. आणि पुढच्या तिन्ही स्ट्रीटवर (बोलीच्या फेऱ्यांत) आधी बोलायचं मी.

फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं) आला इस्पिकचा गुलाम, इस्पिकची नव्वी, बदामची चव्वी. मी 24 लावले, कॉल आला. टर्न (चौथं पान) किलवरची दुर्री. मी चेक केलं (काही न लावता पाळी सोडली), त्याने सगळा पॉट मारला, 72. मी कॉल. रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) किलवरची चव्वी. पॉट 216, माझ्याकडे उरले 92.5. पुन्हा चेक, तो ऑल-इन (उरलेलं सगळं लावलं). मी बराच वेळ चिप्स चाळत बसलो आणि एक्के टाकून दिले.

त्याने पानं उलटी केली. इस्पिकची राणी-दश्शी, चौकटची अठ्ठी-सत्ती. रॅप (बऱ्याच पानांनी पुरा होऊ शकणारा स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं) आणि फ्लशचा (एकाच सूटची पाच पानं) ड्रॉ, दोन्ही हुकलेले. त्याच्या हातात काहीही नव्हतं.

नंतर कागदावर मांडलं. टर्नला दोघांची आठ आणि टेबलावरची चार सोडली तर 40 पानं उरतात. त्यातली 21 त्याची, 15 स्ट्रेटची आणि 6 नुसती इस्पिकची. म्हणजे नुसत्या राणीवर बसलेला माणूस माझ्या एक्क्यांपेक्षा किंचित पुढेच होता. टर्नचा माझा कॉल बरोबर. रिव्हरला मात्र 92.5 घालून 401 चा पॉट उचलायचा होता, चारात एकदा बरोबर ठरलो असतो तरी चाललं असतं. त्यात टेबलावर चव्वीची जोडी लागल्यावर गुलाम-नव्वी धरून बसलेल्याच्या दोन जोड्यासुद्धा माझ्यामागे पडल्या होत्या. हे सगळं मला घरी सुचलं. टेबलावर फक्त त्याचं फुल हाऊस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) दिसत होतं.

आता खरं भांडण. माझ्या मागे बसून तो डाव बघणारा एक मित्र आजही म्हणतो, "प्रीफ्लॉप बरोबर खेळलास, रिव्हरला घाबरलास." रिव्हरला घाबरलो, मान्य. पण घाबरायची पाळी कुठून आली? मी बटनवर असतो तर टर्नला त्याने चेक केल्यावर मला फुकटात रिव्हर बघता आली असती, आणि रिव्हरला तो पुन्हा चेक करतो की काही लावतो ते बघून मी ठरवलं असतं. स्मॉल ब्लाइंडवरून मी प्रत्येक वेळी आंधळा बोललो आणि त्याने प्रत्येक वेळी बघून. अठ्ठी-तिर्रीचं लोढणं असलेल्या एक्क्यांनी, मागे 188.5 असताना, पॉट फुगवायचं काय अडलं होतं? 3.5 ला नुसता कॉल केला असता तर माझ्याकडे एक्के आहेत हे त्याला कळलंही नसतं. थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) मारून ते मी टेबलावर उघडे ठेवल्यासारखंच झालं. त्याची पानं मात्र झाकलेलीच.

हं, तुमचा प्रश्न. स्मॉल ब्लाइंडमधून चारही पानं एकमेकांना धरून असतील, शक्यतो एक्क्याचा सूट असेल, तरच खेळा. राणीच्या किंवा त्याखालच्या फ्लशच्या आशेवर जाऊ नका; पोझिशन नसताना दुसऱ्या नंबरचा फ्लश फार महाग पडतो. पाच-सहा-सात-आठसारखी ओळ दिसायला गोड, पण मोठा स्ट्रेट बहुतेकदा समोरच्याकडे लागतो. फ्लॉपनंतर बरंच चेक करा, आणि कधीतरी चांगल्या हातानेही करा, नाहीतर तुमचा चेक म्हणजे शरणागती हे दोन तासांत टेबलाला कळतं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं 200 ब्लाइंडचं. 100 च्या टेबलावर तोच थ्री-बेट केला तर फ्लॉपला मागे 88.5 उरतात, पॉट 24. पॉटच्या चौपटही नाही, दोन बेटमध्ये सगळे आत. तिथे एक्के घेऊन पॉट म्हणणंच बरोबर आणि मित्राचं खरं. पण आम्ही 200 नेच बसलो होतो. आणि बिग ब्लाइंडला हा नियम इतका कडक लावू नका. तिथे 3.5 च्या रेझला 2.5 च घालायचे असतात आणि मागे रेझ करायला कोणी उरलेलं नसतं.