रोटरी सगळे बघतात, फ्लँजर कोणी बघत नाही

नॅरोगेजवरच्या बर्फ काढणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी एखादी अजून चालते का, की सगळ्या शोभेला उभ्या आहेत, असं तुम्ही विचारलंय. कोलोरॅडो-न्यू मेक्सिको सीमेवरच्या कुंब्रेस अँड टोल्टेक रेल्वेने आपली १९२३ ची वाफेची रोटरी (तोंडाशी फिरत्या पात्यांचं चक्र असलेली बर्फ उडवणारी गाडी), नाव 'ओवाय', अगदी २०२० मध्येही बर्फात घातली होती.

आधी एक गैरसमज काढतो. रोटरी स्वतःहून पुढे सरकत नाही. पोटात इंजिनासारखा बॉयलर असतो, मागे टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) असतं, पण ती सगळी वाफ खर्ची पडते तोंडाशी असलेलं पात्यांचं चक्र फिरवण्यात. ढकलायला मागे वेगळी इंजिनं लागतात. चक्र उलटं फिरवलं की बर्फ दुसऱ्या बाजूला उडतो, त्यामुळे दरी ज्या अंगाला असेल तिकडे फेकता येतो. ही कल्पना टोरँटोच्या जे. डब्ल्यू. इलियट यांची, १८६९ ची. हे गृहस्थ पेशाने दंतवैद्य! प्रत्यक्ष यंत्र रुळांवर यायला मात्र १८८० चं दशक उजाडलं.

साध्या नांगराने का भागत नव्हतं? नांगर बर्फ बाजूला सारतो, पण डोंगर कापून काढलेल्या अरुंद वाटेत बाजूच नसते. या मार्गावरची कुंब्रेस खिंड १०,०१५ फुटांवर, न्यू मेक्सिकोतल्या चामा गावाकडून चढ ४ टक्के, रुळांमधलं अंतर तीन फूट. तिथे वेगात धडक मारायची म्हणजे गाडी घसरायची भीती. रोटरीलाही मर्यादा आहेतच. हिमकड्यासोबत झाडं आणि दगड आले की पाती मोडतात, मग माणसांनीच फावडी घेऊन उतरायचं.

माझं मत विचाराल तर खरी राबणारी गाडी फ्लँजर. दिसायला किरकोळ. पोटाखालची पाती रुळांच्या पातळीच्याही खाली उतरवून ती दोन रुळांमधला बर्फ खरवडते, नाहीतर तो गोठतो आणि चाकाची कड त्यावर चढते. गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा किंवा रस्त्याचं फाटक आलं की पाती वेळेत उचलावी लागतात. चुकलं तर रूळ तरी जातो नाहीतर पातं तरी.

जपणुकीत हाच पंक्तिप्रपंच चालतो. रोटरी धूर सोडते, बर्फाचं कारंजं उडवते, फोटोवाले पैसे मोजून येतात. फ्लँजरसाठी कोण येणार? शिवाय ही पर्यटकांची रेल्वे, हिवाळ्यात बंद असते. म्हणजे ज्या ऋतूसाठी या गाड्या बांधल्या, त्यातच त्यांना काम नाही. बॉयलर मात्र सांभाळावाच लागतो, आणि लाकडी अंग उघड्यावर कुजतं ते वेगळंच.

चामाला गेलात तर 'ओवाय'शेजारी १८८९ ची 'ओएम' रोटरीही बघा. आणि यार्डात फ्लँजर दिसला तर वाकून त्याच्या पोटाखाली नजर टाका.