वडिलांची टीम तीच मुलाची टीम, असं का होतं?

कोल्हापूरचं उदाहरण सांगतो, इथं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. इथले फुटबॉल संघ म्हणजे पेठांच्या तालमी, मंगळवार पेठेतलं पाटाकडील, शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण आणि खंडोबा तालीम, मग दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. यातल्या बऱ्याचशा मूळच्या कुस्तीच्या तालमी, त्यातनंच पुढं संघ उभे राहिले. आता विचार करा, त्याच तालमीचा गणपती, त्याच तालमीत आजोबांनी जोर-बैठका काढलेल्या, शेजारचा काका त्याच संघातनं खेळलेला, मग पोराला तुझी टीम कुठली असं विचारायची वेळच येत नाही, चालायला लागल्यावर वडिलांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमला जातंय ते.

म्हणजे निष्ठा शिकवून येत नाही, सोबत नेल्यानं येते. टीव्हीवरच्या परदेशी क्लबची जर्सी नुसती विकत आणून दिली तर पोरगं दोन वर्षांत दुसऱ्या क्लबकडं जातं आणि त्यात त्याची काय चूक नाही, त्या क्लबचं त्याच्या गल्लीशी नातंच नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, टीमबरोबर वैर पण पोरांकडं जातं. समोरच्या पेठेला शिव्या घालणारा बाप बघितला की पोरगं तेच उचलतं, म्हणून गॅलरीत पोरगं शेजारी असताना समोरच्यांच्या चांगल्या गोलला पण टाळ्या वाजवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडनं खेळला तेव्हा अख्खं कोल्हापूर त्याचं होतं, पेठ कुणी विचारली नाही.