पहिल्यांदाच चर्चच्या वंशभेदावर बोलायच्या सर्कलला (गप्पांच्या गटाला) जातेयस ना, मग हे वाच

अगं, पहिल्या दोन बैठकांत काहीच बोलली नाहीस तरी चालतं. मी नगरहून अमेरिकेत आले तेव्हा मला वाटायचं आपण ना गोरे ना काळे, आपला काय संबंध, आणि एकदा एक काळी आजी स्वतःचं सांगत होती तर मी मधेच जातीचं उदाहरण सुरू केलं, ती गप्पच झाली. अजून लाज वाटते. जातीबद्दल बोल, जरूर बोल, पण तिचं संपू दे आधी.

जायच्या आधी थोडा इतिहास वाच. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि मंडळींनी १८१६ मध्ये एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) हे काळ्या लोकांचं चर्च वेगळं काढलं ते हौसेने नाही, गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेलासुद्धा वेगळं बसवायचे म्हणून. सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला बॅप्टिस्ट पंथ, १८४५ ला गुलामगिरीची बाजू घेऊन वेगळे झाले, माफी कधी मागितली तर १९९५ ला, दीडशे वर्षांनी! एवढं माहीत असलं ना की कोणी चिडून बोललं तर ‘एवढं काय त्यात’ असं तोंडातून निघत नाही.

आणि काळ्या मेंबरांना ‘मला समजावून सांगा ना’ म्हणत मागे लागू नकोस, दमलेत ते लोक सांगून सांगून.

नंतर पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलेलं एकत्र जेवण, लगेच पळू नकोस, पोहे ने आणि भांडी धुवायला थांब, खरं बोलणं तिथेच होतं. फक्त तिखट कमी घाल.