सीटी रिपोर्टमध्ये 'किंचित वाढ', ट्रायलचे डॉक्टर म्हणतात 'स्टेबल'. खरं कोणाचं मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील कॅन्सरच्या एका औषधाच्या ट्रायलमध्ये आहेत, ताज्या सीटीच्या रिपोर्टवर 'फुप्फुसातील गाठीच्या आकारात किंचित वाढ' असं छापलंय आणि ट्रायलचे डॉक्टर मात्र 'स्टेबल आहे, औषध चालू ठेवू' म्हणताहेत. कोणी काही लपवतंय का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रुग्णालयातले रोजचे रिपोर्ट लिहिते, शिवाय काही वर्षांपासून ट्रायलचे स्कॅनही वाचते. दोघंही खरं बोलत असतील, ही शक्यता मला जास्त वाटते.

रोजचा रिपोर्ट लिहिताना मी मागचा स्कॅन शेजारी उघडते. तेव्हा २२ मिलिमीटर होती, आज २५ आहे. वाढ दिसली, वाढ लिहिली. ट्रायलचा हिशेब मात्र बहुतेकदा 'रेसिस्ट' नावाच्या नियमांनी होतो, त्यांची १.१ ही आवृत्ती २००९ची. औषध सुरू होण्याआधीच्या स्कॅनवर मोजता येण्याजोग्या जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, आणि पुढे दर वेळी त्याच मोजून बेरीज करायची. समजा, सुरुवातीला २८, २० आणि १४, म्हणजे ६२. औषधानंतर ती ५० वर आली. आज २५, १९ आणि १३, म्हणजे ५७. आजवरच्या सगळ्यात कमी बेरजेपेक्षा निदान २० टक्के आणि शिवाय ५ मिलिमीटर वाढ झाली, तरच आजार वाढला म्हणायचं. इथे वाढ १४ टक्के. म्हणून 'स्टेबल'. गंमत म्हणजे ६२ वरून ५० ही घटसुद्धा 'स्टेबल'च होती, कारण औषध लागू पडलं म्हणायला सुरुवातीपेक्षा ३० टक्के घट लागते.

हा पट्टा इतका सैल का ठेवलाय? कारण मोजणारा हात हलतो. कडेला काटे फुटल्यासारखी गाठ असली की कर्सर कुठे टेकवायचा हा दर वेळी नवा प्रश्न. मीच मोजलेली गाठ आठवड्याने पुन्हा मोजली, तर एकदोन मिलिमीटरचा फरक मलाही पडतो. श्वास कमीजास्त रोखला गेला तरी पडतो.

मोजमापापेक्षा जास्त घोळ होतो तो डॉक्टरांनी एकमेकांना पुरेसं न सांगितल्यामुळे. एकदा मी रिपोर्टमध्ये 'यकृतात नवीन गाठ' लिहिलं. ट्रायलमध्ये 'नवीन' हा शब्द फार जड असतो: नि:संशय नवी गाठ दिसली की बाकी बेरीज काहीही असो, आजार वाढला असंच धरतात. ऑन्कॉलॉजिस्टचा (कॅन्सरच्या डॉक्टरांचा) फोन आला, "खरंच नवीन आहे का? मागच्या वेळी क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणून कॉन्ट्रास्ट दिलं नव्हतं." (कॉन्ट्रास्ट म्हणजे गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध; क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंडं नीट काम करत नसल्याची खूण, तेव्हा ते देणं टाळतात.) मागचा स्कॅन माझ्यासमोर उघडाच होता, पण कॉन्ट्रास्टशिवायच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या कित्येक गाठी दिसतच नाहीत, ही साधी गोष्ट त्या घाईत माझ्याकडून सुटली. त्याआधीचा, कॉन्ट्रास्ट दिलेला स्कॅन मागवला. त्यात ती गाठ होती, तेवढीच. रिपोर्ट दुरुस्त केला, औषध चालू राहिलं. तपासणीच्या चिठ्ठीवर मात्र तेव्हा दोनच शब्द होते: 'फॉलोअप सीटी'. या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. (आमच्या बाजूने आम्हीही 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी तुम्हीच जुळवून पाहा, असं लिहून मोकळे होतो, तेही तितकंच वाईट.)

आता याच्या अगदी उलट गोष्ट. अनेक मोठ्या ट्रायलमध्ये स्कॅनवरचं नाव पुसून ते बाहेरच्या केंद्राकडे जातात. तिथे दोन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे वाचतात, मतभेद झाला तर तिसरा निवाडा करतो. रुग्णाला कोणतं औषध मिळतंय, त्याला बरं वाटतंय का, यातलं त्यांना काही कळू देत नाहीत. मी तिथे वाचते तेव्हा फोन उचलून विचारायची सोय नसते आणि ती मुद्दामच नसते. औषध नवं आहे हे कळलं की डोळ्यांना सुधारणा दिसायला लागते. पण हा निकाल मुख्यतः अभ्यासासाठी असतो. वडिलांचं औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे बहुतेक ट्रायलमध्ये त्यांना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवतात.

औषध इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं असेल तर आणखी एक गुंता: काही वेळा गाठ आधी फुगते आणि मग कमी होते. म्हणून अशा काही ट्रायलमध्ये रुग्णाची तब्येत ठीक असेल, तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच 'आजार वाढला' असा शिक्का मारतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन आकडे विचारा: सुरुवातीची बेरीज, आजवरची सगळ्यात कमी बेरीज आणि आजची. नवी गाठ काही आहे का आणि दोन्ही वेळा कॉन्ट्रास्ट दिलं होतं का, तेही विचारा. उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात. दरम्यान वडिलांचं वजन उतरत असेल, दम लागत असेल किंवा दुखणं वाढलं असेल, तर पुढच्या स्कॅनची वाट न पाहता लगेच कळवा. आणि स्कॅन दुसरीकडे करायची वेळ आली, तर नुसते कागद नेऊ नका, जुन्या सगळ्या सीडी न्या. 'किंचित वाढ' या शब्दांवरून मला काहीच मोजता येत नाही.